एका खुर्चीला एकच माणूस

तृप्ती आरवाडेचा हुद्दा ऐकायला मोठा होता, प्रणाली-पालक. प्रत्यक्षात ती सांगलीच्या कृष्णाकाठ नाट्यमंदिरात, बुकिंग खिडकीच्या मागच्या खोलीत बसून तिकीटविक्रीच्या प्रोग्रामची राखण करायची. पूर्वी या कामात कोड लिहावा लागे. आता लिहिणं जवळपास संपलं होतं. 'दुरुस्तक' नावाचं यंत्र सगळा कोड वाचून काढी आणि कुठली ओळ बदलायची, कुठली काढायची ते सुचवी. माणसाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागे. हो म्हणायला कारण लागत नसे, त्यामुळे जगातली बहुतेक माणसं हो म्हणून चहा प्यायला जात. तृप्ती आधी वाचायची आणि मग चहा प्यायची, एवढाच काय तो फरक.

त्या मंगळवारी सकाळी दुरुस्तकाने एक जुनी ओळ तिच्यापुढे केली. ही ओळ वर्षभर बंद आहे, कुणी वापरत नाही, कायमची काढू का, असं विचारलं होतं. ओळीच्या डोक्यावर मराठीत टीप होती: 'एका खुर्चीला एकच माणूस. अपवाद नाही.' तृप्तीचा हात थांबला. ती टीप शिरगुप्पे सरांची होती.

अण्णासाहेब शिरगुप्पे हे तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. नाट्यमंदिरात जाड कागदावरचा प्लॅन आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या फुल्या होत्या त्या काळात, एकदा एकाच रांगेची तिकिटं दोन वऱ्हाडांएवढ्या कुटुंबांना गेली. भांडण असं रंगलं की पहिल्या अंकाआधीच मध्यंतर करावं लागलं. त्यानंतर सरांनी हौसेने हा प्रोग्राम लिहून दिला, आणि त्यात सगळ्यात आधी हे कुलूप घातलं. एक खुर्ची एकदा गेली की गेली, दुसऱ्याला मिळणार नाही. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी प्रोग्राम सांभाळला आणि डोळे कुरकुरायला लागले तेव्हा आपल्या विद्यार्थिनीच्या, म्हणजे तृप्तीच्या हाती दिला.

तेव्हापासून दोघांत एक रीत पडली होती. सरांनी लिहिलेली ओळ काढायची झाली की तृप्ती आधी त्यांच्या विश्रामबागेतल्या घरी जाऊन सांगायची. सर सहसा म्हणायचे, "काढ की. मेलीय ती केव्हाच." आणि मग ती ओळ मुळात का लिहावी लागली, त्याची गोष्ट सांगायचे. कुठल्या तरी साहेबांच्या सासूबाईंना खांबामागची जागा मिळाली म्हणून एक ओळ, बालनाट्याच्या प्रयोगाला आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या म्हणून दुसरी. तृप्ती तो प्रोग्राम शिकली ती अशी, ओळी काढता काढता.

ही रीत तिने एकदाच मोडली होती. गेल्या वर्षी, याच ओळीच्या वेळी.

गेल्या वर्षी 'हजेरी' नावाची नवी यंत्रणा आली होती. तिकीट काढूनही काही माणसं नाटकाला येत नाहीत, हे बुकिंग खिडकीवर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. किती येणार नाहीत, हे सांगणंही फारसं अवघड नाही. सातशे माणसांचं सभागृह असलं की कुणाला ताप येतो, कुणाकडे पाहुणे येतात, आणि बेरीज दर वेळी साधारण तेवढीच निघते. विमान कंपन्या याच हिशेबावर जादा तिकिटं विकत आल्या आहेत. पण विमानात कुठं बसलो याचं कुणाला सोयरसुतक नसतं. नाटकवाल्याचा सगळा जीव मधल्या रांगेत असतो. कोण येणार नाही हे नावानिशी कळलं, तरच नेमकी तीच खुर्ची दुसऱ्याला विकता येईल.

'हजेरी' ते नावानिशी सांगे. खुर्चीखालच्या वजनाच्या पट्ट्या, दारातल्या जाजमाखाली टिपली जाणारी चाल, प्रयोगाचा मेसेज कुणी किती वेळाने उघडला, पाऊस, रस्ते, शाळांच्या परीक्षा, हे सगळं ती एकत्र करी. यातली एकेक खूण कच्चीच. पण कच्च्या खुणा पुष्कळ झाल्या की त्यांच्यातून पक्कं उत्तर निघू लागतं, हे तिच्यामागचं गणित होतं. प्रयोग संपला की ती आपलं भाकीत खुर्च्यांच्या नोंदीशी ताडून पाही, चुकलं तिथे स्वतःला सुधारी, आणि पुढच्या वेळी आणखी बरोबर येई. क्वचित चुकलं, आणि खुर्चीचा मूळ मालक येऊन उभा राहिलाच, तर त्याच्यासाठी कडेच्या काही जागा राखलेल्या असत. वर मध्यंतरातला बटाटेवडा फुकट. लोक थोडी कुरकुर करत आणि वडा खात.

अडचण एकच होती, सरांचं कुलूप. ते उघडल्याशिवाय एक खुर्ची दोनदा विकता येत नव्हती. व्यवस्थापक बिरनाळे तृप्तीला म्हणाले होते की ओळ बंद करा, पण सरांना सांगू नका, मनाला लावून घेतील. डोअरकीपर दस्तगीरचंही तेच मत पडलं. सगळ्यांनी मिळून सरांची काळजी घेतली आणि सरांना काही कळू दिलं नाही. खरं सांगायचं तर तृप्तीलाही ते सोयीचं वाटलं होतं.

आता ओळ कायमची जायची होती. निदान आता तरी सांगावं, म्हणून ती संध्याकाळी विश्रामबागेत गेली.

दार उघडंच होतं. हॉलमध्ये खोकी मांडली होती आणि सर एका खोक्यावर बसून दुसऱ्यात पुस्तकं भरत होते. गुडघा धरतच उठले. रविवारी मुलगी हुबळीहून गाडी घेऊन येणार होती, सर कायमचे तिच्याकडे राहायला निघाले होते. तृप्तीला हे नवीनच होतं. सांगली सोडून चार दिवस कुठे राहायचं म्हटलं तरी ज्यांची झोप उडायची, ते सर घराची किल्ली कुणाला द्यायची ते ठरवून मोकळे झाले होते.

का, असं तिने विचारलं. सरांनी आधी टाळलं. चहा केला, शेंगदाण्याचे लाडू पुढे ठेवले, साखर दोनदा विचारली. मग सांगितलं ते असं. नाट्यमंदिराच्या सभासदांचा प्रयोग कधी शनिवारी असतो, कधी रविवारी. नाटक मंडळींच्या तारखांवर ते ठरतं आणि तसा मेसेज येतो. दिवाळीनंतरच्या प्रयोगाला सर रविवार म्हणून गेले, तर त्यांच्या खुर्चीवर, म्हणजे 'जी' रांगेतल्या सात नंबरवर, एक बाई मुलीला शेजारी घेऊन बसल्या होत्या. सर मागच्या मागे फिरले. पुढच्या महिन्यात चष्मा लावून, मेसेज नीट वाचून गेले. या वेळी सातवर एक दाढीवाला तरुण.

"दोनदा गेलो, दोनदा वार चुकलो," सर म्हणाले. "मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, विसरायला थोडी सुरुवात झालीय, लक्ष ठेवा. मग गावातल्या पोरांची शिकवणी बंद केली. उगाच चुकीचं शिकवायला नको. स्कूटर विकली. संजीवनी म्हणाली, इकडं या. जातो."

"सर, त्यांना तिकीट दाखवा म्हणाला नाहीत?"

"बसलेल्या माणसाला उठवायचं? चूक आपली असताना?"

"आणि घरी आल्यावर मेसेज पुन्हा बघितला असता तर..."

"बघितला नाही. पुसून टाकला." सर थोडा वेळ खोक्याच्या चिकटपट्टीशी खेळत राहिले. "बघून खात्री झाली असती ना. शिवाय बघायचं काय त्यात? एक खुर्ची दोघांना जातच नाही, तृप्ती. ते कुलूप मीच घातलंय. मग घोळ कुठं आहे, ते कळलंच की."

तृप्तीने लाडू बशीत ठेवला. ते कुलूप वर्षापूर्वीच निघालंय, हे तोंडावर आलेलं तिने गिळलं. तिला भीती वाटली हे खरंच, पण आणखी एक गोष्ट होती आणि ती सरांनीच शिकवली होती. तपासल्याशिवाय बोलायचं नाही. कदाचित सर खरोखरच चुकीच्या वारी गेले असतील. तसं असलं तर खोटा धीर देऊन काय मिळवायचं? ती ओळीचं काहीच न बोलता उठली आणि उद्या येते म्हणाली.

सकाळी तिने जी-सातची नोंद उघडली. दिवाळीनंतरचा सभासदांचा प्रयोग रविवारीच होता. पुढचाही रविवारी. दोन्ही वेळा ती खुर्ची दुसऱ्याला विकली गेली होती, कारण 'हजेरी'ने सांगितलं होतं की शिरगुप्पे येणार नाहीत. का, तर आधीच्या प्रयोगांनंतर मोठ्या दाराने बाहेर पडताना त्यांची चाल मंदावलेली दिसली होती आणि मेसेज ते उशिरा उघडू लागले होते. तृप्तीला गुडघा आठवला. आणि सरांनी दसऱ्याला नवा फोन घेतला होता, त्यातला मेसेज कुठं दिसतो हे शोधायलाच त्यांना संध्याकाळ लागायची. दोन्ही प्रयोगांच्या नोंदीत सरांच्या नावापुढे एकच शब्द होता, गैरहजर.

तिने दस्तगीरला गाठलं. तो पडद्यामागे खुर्च्या मोजत होता.

"आलते की सर. दोन्ही टायमाला आलते," दस्तगीर म्हणाला. "विंगेच्या दारानं घेतलं मीच. सरांकडनं तिकीट कोण मागणार? अन् तिसरी घंटा व्हायच्या आधीच त्याच दारानं परत गेले. मला वाटलं, तब्येत बरी नसंल."

जुनी माणसं विंगेच्या दाराने येतात, रंगमंचाला हात लावून नमस्कार करतात आणि मग प्रेक्षागृहात उतरतात. नाट्यमंदिर बांधलं तेव्हापासूनची ही पद्धत. त्या दाराला जाजम नव्हतं. कुणाला लावायचं सुचलंही नव्हतं. म्हणजे सर बरोबर दिवशी, बरोबर वेळी, बरोबर खुर्चीपर्यंत आले होते, आणि यंत्राच्या लेखी घरीच बसले होते. तृप्ती तिथल्याच एका खुर्चीत बसली. तिला स्वतःचा राग आला आणि सरांची दया आली.

दुपारी ती पुन्हा विश्रामबागेत गेली. या वेळी चहा होईपर्यंतही थांबली नाही. ओळ वर्षापूर्वी बंद केली, मी केली, तुम्हाला सांगितलं नाही, असं सगळं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. 'हजेरी' म्हणजे काय तेही सांगितलं. दोन्ही रविवारी तुम्ही बरोबर होतात, हे सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण ते सांगताना आवाज नीट राहील याची तिला खात्री नव्हती. तो राहिला नाहीच.

सर आनंदले नाहीत. त्यांचा चेहरा आधी कडक झाला.

"माझी ओळ काढलीस. आणि विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"वाईट वाटेल म्हणून?"

"हो."

"वाईट वाटून घेता येतंय मला अजून. त्याला काही झालेलं नाही." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठ तिच्याकडे होती. तिला तिकडून एखादा हुंदका येईल असं वाटलं होतं, पण सर वळले तेव्हा त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी होती, वर्गात कुणाच्या तरी प्रोग्राममध्ये खोट सापडली की पडायची ती.

"मी परत फिरलो, त्याची यंत्रात नोंद काय झाली?"

"गैरहजर."

"म्हणजे यंत्राचं उत्तर बरोबर आलं."

"हो, त्याच्या हिशेबाने..."

"आणि बरोबर आलं म्हणून पुढच्या वेळी त्याची खात्री वाढली. खात्री वाढली म्हणून पुन्हा खुर्ची विकली. ती विकली म्हणून मी पुन्हा फिरलो." सर भिंतीवर बोटाने गोल काढत होते. एक फेरी झाली की दुसरी. "तृप्ती, जो भांडतो त्याची नोंद होते, वडा मिळतो. जो गुपचूप जातो तो आलाच नाही. असे किती गेले असतील, सांगता येईल तुला?"

तिला सांगता येणार नव्हतं. कुणालाच येणार नव्हतं. 'हजेरी' शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर येते, हे बिरनाळे सगळ्यांना अभिमानाने सांगत. पण पेपर तिनेच काढायचा, तिनेच तपासायचा, आणि चुकीचा ठरू शकेल असा विद्यार्थी वर्गाबाहेर काढायचा, अशी ती परीक्षा होती. तृप्तीने हा कोड वर्षभर रोज वाचला होता आणि तिला हे दिसलं नव्हतं. सरांना एका दुपारी दिसलं. विसरायला सुरुवात झालेल्या डोक्याला.

सरांच्याही ते लक्षात आलं असावं. ते खोक्यावर टेकले आणि पहिल्यांदाच थोडे सैलावले.

"डॉक्टर खोटं बोलत नाहीत. आत्ता गॅस बंद केलाय का, मला ठाऊक नाही. तू जाऊन बघ," ते म्हणाले. "ते माझं मी सोसीन. पण माझी चूक माझी आणि तुमची तुमची, एवढं वेगळं कळलं पाहिजे मला. सगळंच माझ्या नावावर मांडलंत, तर मी कुठल्या पायावर उभा राहू?"

तृप्तीने आत जाऊन पाहिलं. गॅस बंद होता. तिने तसं सांगितलं.

बिरनाळे वाईट माणूस नव्हते. सभागृह भरलेलं असलं की नटांचा आवाज लागतो, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. तृप्तीचं बोलणं त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. एका माणसाचा गुडघा दुखला म्हणून यंत्र बदलायचं का, असं विचारलं. मग तिने सरांसारखंच टेबलावर बोटाने गोल काढून दाखवला. ज्याची खुर्ची आपण विकतो तो आला नाही असंच नोंदलं जातं, तर यंत्र चुकलं हे आपल्याला कळणार कुठून? बिरनाळ्यांनी तो गोल दोनदा गिरवून पाहिला. मग दस्तगीरला बोलावून विचारलं की विंगेच्या दाराने येऊन परत गेलेलं आणखी कुणी आठवतं का. दस्तगीरने बसल्या बसल्या तीन नावं सांगितली. तिसरं नाव बिरनाळ्यांच्या सासऱ्यांचं होतं. ते घरी जावयाशी महिनाभर तुटक का बोलत होते, त्याचा तिथे उलगडा झाला.

ठरलं ते असं. 'हजेरी'ने हवं ते भाकीत करावं, पण तिसरी घंटा होईपर्यंत कुणाचीही खुर्ची दुसऱ्याला जाणार नाही. घंटेनंतर रिकामी दिसली, तरच आधीचं तिकीट रद्द करून ती बाहेर थांबलेल्यांना द्यायची. विंगेच्या दाराशीही माणूस येतो याची नोंद दस्तगीरने हाताने करायची. बिरनाळ्यांनी हे काही आनंदाने केलं नाही, पण केलं.

तृप्तीने खोलीत जाऊन सरांची ओळ पुन्हा चालू केली. दुरुस्तकाने लगेच अडवलं. ही ओळ वापरात नव्हती, ती काढण्याला नाही म्हणण्याचं कारण काय? तिने लिहिलं: 'आपण चुकलो, तर ते आपल्याला कळलं पाहिजे.' यंत्राने ते कारण म्हणून मान्य केलं. वरची टीप तिने होती तशीच ठेवली.

रविवारी संजीवनी गाडी घेऊन आली आणि खोकी रिकामी करायला मदत करून एकटीच हुबळीला परत गेली. जाताना तृप्तीला फोन करून म्हणाली, बाबा म्हणतात उन्हाळ्यानंतर बघू, तेवढं लक्ष असू द्या. शिकवणीला दोन मुली पुन्हा येऊ लागल्या. सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी चुकलो तर तिथल्या तिथे सांगायचं, लाजायचं नाही. मुली लाजत नव्हत्या.

पुढच्या महिन्यात सभासदांचा प्रयोग आला. सभासद वाढल्यामुळे या वेळी त्यांचे दोन गट केले होते, शनिवारी आणि रविवारी तेच नाटक होतं. शनिवारी संध्याकाळी तृप्ती बुकिंग खिडकीत बसली होती, कारण खिडकीवरची मुलगी रजेवर होती. बाहेर गर्दी होती. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तेवढ्यात आतल्या बाजूने शिरगुप्पे सर चालत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. ते रंगमंचाला नमस्कार करून, जी रांगेपर्यंत जाऊन आले होते. सातवर एक आजीबाई बसल्या होत्या.

तृप्तीने घाईने नोंद उघडली. आजीबाई शनिवारच्या सभासद होत्या. खुर्ची त्यांचीच होती. सरांचा प्रयोग उद्या होता आणि मेसेजही उद्याचाच गेला होता. कुठे काही दोनदा विकलं गेलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा पाहिलं, काहीतरी सापडावं म्हणून पाहिलं, पण कोडमध्ये खोट नव्हती.

सर खिडकीशी येऊन उभे राहिले. मागच्या वेळेसारखे ते घरी गेले नव्हते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "तृप्ती, कोण चुकलं? तुम्ही का मी?"

आत तिसरी घंटा वाजत होती. काहीतरी गोड बोलावं, आमचाच घोळ झालाय म्हणावं आणि कडेची एखादी खुर्ची द्यावी, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. सर तिच्याकडे पाहत होते.

"या वेळी तुम्ही, सर," ती म्हणाली. "तुमचं उद्या आहे."

सरांनी मान हलवली. एकदा जी रांगेच्या दिशेने पाहिलं.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले, आणि काठी घेतली. "मग उद्या येतो."